गावात आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण घ्यायचंय? आधी 'ऐकल्यावर पुढे कोण?' ते ठरवा

प्रश्न पारोळा तालुक्यातल्या एका तरुण शिक्षकाचा आहे. थोडक्यात असा: गावात गेल्या दीड-दोन वर्षांत तिघांनी आत्महत्या केली. त्यात एक नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. गणेश मंडळाच्या पोरांना काहीतरी करायचं आहे. १० सप्टेंबरला, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, जळगावहून तज्ज्ञ बोलवावा, पथनाट्य बसवावं, बॅनर लावावेत असं चाललंय. प्रशिक्षण कोण देतं, खर्च किती येतो, कोणते नंबर वाटायचे, आणि याने खरंच काही फरक पडतो का, हे त्यांना हवं आहे.

सर, तळमळ दिसते म्हणून थोडं स्पष्टच लिहिते. मी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. खान्देशातल्या गावांत आशाताई, शिक्षक, बचत गटातल्या बाया, कृषी केंद्रवाले यांना हेच शिकवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुम्ही विचारलंय प्रशिक्षणाबद्दल, पण तुमची खरी अडचण ती नाही. प्रशिक्षण मिळतं, फुकट मिळतं. अडचण ही की गावात कोणी 'आता जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर ऐकणाऱ्याला पुढचं पाऊल ठाऊक नसतं. मयताला गेलं की ओट्यावर बसलेली माणसं हमखास सांगतात, 'दोन दिवसांपासून जेवला नव्हता', 'परवा उसने पैसे न मागता देऊन गेला', 'बैलजोडी भावाच्या दावणीला बांधून आला होता'. म्हणजे दिसलं होतं सगळ्यांना. विचारलं कोणी नाही, कारण विचारून 'हो' आलं तर करायचं काय, हा प्रश्न होता.

म्हणून मी उलट्या क्रमाने जाते. आधी ऐकल्यानंतरची सोय, मग माणसं निवडणं, मग प्रशिक्षण, आणि कार्यक्रम सगळ्यात शेवटी. कार्यक्रमाने सुरुवात केली की काय होतं ते पाहिलंय. वक्ता छान बोलतो, टाळ्या पडतात, आणि सभा उठल्यावर एखादी बाई पदर सावरत त्याच्या गाडीजवळ येते. वक्त्याला धुळ्याला परतायचं असतं.

कशावर काय अवलंबून आहे तेही आधीच सांगते. शेवटची घटना होऊन महिना-दीड महिनाच झाला असेल तर आत्ता प्रशिक्षण नको, आधी त्या घरी जाणं-येणं सुरू करा. आशाताई धडाडीची असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. तुमचं गाव पारोळ्याकडचं म्हणजे हायवे जवळ, रेंज आहे, रात्री गाडी मिळते. हाच प्रश्न धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून आला असता तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवून उपयोग नाही, रेंजच नसते. बोलणं पावरीत किंवा भिलीत चालतं, आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला असतो. तिथे फोनपेक्षा माणसावर भर द्यावा लागतो, त्यातही टोळीबरोबर जाणाऱ्या माणसावर.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यातून काढा. आपल्याकडे आत्महत्या म्हटली की कर्जबाजारी शेतकरीच डोळ्यांसमोर येतो. तो प्रश्न खराच आहे, कापसाचा भाव पडला की मलाही धास्ती वाटते. पण एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा अहवाल पाहा. देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशात साडेसहा टक्क्यांच्या आसपास. रोजंदारीवर काम करणारे मात्र सव्वीस टक्क्यांहून जास्त. स्त्रियांत निम्म्याहून अधिक गृहिणी. कारणांत पहिला क्रमांक घरगुती प्रश्नांचा, दुसरा आजारपणाचा. तुमच्या गावातल्या तिघांतही एक सून आहेच. नुसती शेतकऱ्यांची सभा घेतली तर ती बाई सभेत नसते, आणि तिची सासू असते.

आता पुढच्या सोयीबद्दल. यात तीन गोष्टी लागतात.

फोन: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. दुसरा नंबर १८००-८९१-४४१६. हे छापण्याआधी मंडळातल्या दोघा-तिघांनी स्वतः लावून पाहा. भाषा कशी निवडायची, किती वेळ थांबावं लागतं, समोरून काय विचारतात, हे एकदा अनुभवलेलं असावं. ज्याने स्वतः कधी लावला नाही, तो दुसऱ्याला 'लाव' म्हणून सांगताना अडखळतो. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२ (तातडीची मदत). तिथे १४४१६ लावत बसायचं नाही.

डॉक्टर: प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका. मंजूर पदं सगळी भरलेली असतील असं नाही, पण विचारायचं ठिकाण हेच. पथक तुमच्या तालुक्याला कोणत्या वारी येतं ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारा, वार बदलतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घरच्यांची एक भीती असते, 'येड्यांच्या दवाखान्यात टाकतील'. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खान्देशात एकही नाही, आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातल्या बहुतेकांना तिथे जावंही लागत नाही. ओपीडीत गोळ्या, बोलणं, पुन्हा तपासणी, एवढ्यावर पुष्कळ माणसं सावरतात. हे घरच्यांना पहिल्याच वाक्यात सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट गाडी. रात्री अकराला कोणाची गाडी निघेल? दोन नावं, दोन नंबर, दोघांनी हो म्हटलेलं. इथे पथनाट्यापेक्षा बोलेरोवाला कामाला येतो.

माणसं निवडताना गावाची नेहमीची चूक म्हणजे पदं बघणं. सरपंच, चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष. मी उलटं विचारते: 'घरात भांडण झालं तर बाया मन मोकळं करायला कोणाकडे जातात?' 'दारूच्या नशेत रडणारा माणूस कोणाजवळ रडतो?' मग वेगळीच नावं येतात. दूध डेअरीवर मापं घेणारा, गिरणीवाली मावशी, न्हावी, अंगणवाडी सेविका, बचत गटांचं गावातलं काम पाहणारी सीआरपी, कृषी केंद्रातला पोरगा. पंधरा-वीस जण पुरेत, त्यात निम्म्या बाया हव्यातच, आणि प्रत्येक गल्लीतून, प्रत्येक समाजातून, वस्तीवरून कोणीतरी हवं. वस्तीवरचं माणूस गावठाणातल्या मोठ्या घरात येऊन रडत नाही. पोलीस पाटलांना कल्पना द्या, पण पहिला कान म्हणून त्यांना पुढे करू नका. माणूस कितीही चांगला असो, 'पोलीस' शब्द ऐकला की तोंड मिटतं.

सुनांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. नव्या सुनेकडे स्वतःचा फोन असेलच असं नाही, आणि असला तरी बोलणं घरात ऐकू जातं. तिला भेटणारी बाई सासरच्या भाऊबंदकीतली नको, दुसऱ्या गल्लीतली हवी. आणि आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आहे. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तुमच्या गावच्या लेकी कुठल्या ना कुठल्या गावच्या सुना आहेत. त्या आठवड्यात आई, मावशी, वहिनी यांनी नुसतं 'बरं आहे ना?' न विचारता नीट बसून विचारलं, तर वर्षभरात कुठे न बोललेलं बाहेर येतं. मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि ११२ आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात. अशा वेळी 'नांदायला धाडा, होईल नीट' हा सल्ला देऊ नका. तो फार जणींना महागात पडलेला आहे.

मग प्रत्यक्ष प्रशिक्षण. जगभर याला गेटकीपर प्रशिक्षण म्हणतात. क्यूपीआरसारखे तयार साचे आहेत: विचारा, मन वळवा, मदतीपर्यंत पोचवा. साचा कुठलाही चालेल. आपल्याजवळ नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला, गावातलेच स्वयंसेवक ऐकायला शिकले, पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठा झाला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' प्रकल्पाने असंच गावपातळीवरच्या माणसांकडून काम केलं, आणि नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं. म्हणजे आठवी-दहावी शिकलेल्या माणसांना हे जमतं, याबद्दल शंका नको.

माझे दोन अर्धे दिवस असतात. पहिल्या दिवशी खुणा: बोलण्यातून काय कळतं, वागण्यातून काय कळतं. देणी-घेणी एकदम मिटवणं, आवडती वस्तू देऊन टाकणं, फार अस्वस्थ असलेला माणूस अचानक शांत होणं, झोप उडणं, दारू वाढणं, आणि आधी कधी प्रयत्न केलेला असणं. शेवटची खूण सगळ्यांत वजनदार. लोक म्हणतात, 'एकदा वाचला, आता नाही करणार.' असं नसतं.

दुसऱ्या दिवशी फक्त सराव, तिघा-तिघांचे गट करून. एक सांगणारा, एक ऐकणारा, एक बघणारा. एका जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात झालेला सराव सांगते. आशाताई ऐकणारी, आणि डेअरीवरचे एक पन्नाशीचे गृहस्थ सांगणाऱ्या 'जिभाऊ'चं सोंग घेतलेले, म्हणजे कापूस गेलेला, मुलीचं लग्न अंगावर आलेला माणूस. आशाताईंनी विचारलं, 'जेवलात का?' मग 'कापूस कसा यंदा?' मग 'वहिनी माहेराहून आल्या का?' जिभाऊ मध्येच म्हणाले, 'आते काही राम नही राहना.' इथे दार उघडलं होतं. ताई गडबडल्या आणि म्हणाल्या, 'असे वाईट विचार मनात आणायचे नाहीत हं, जिभाऊ. लेकरांकडे बघा.' दार बंद. बघणाऱ्या पोराच्याही ते लक्षात आलं. मी म्हटलं, ताई, पुस्तकी मराठी सोडा, घरात बोलता तसं विचारा. त्यांनी दोन-तीनदा शब्द जुळवले आणि विचारलं, 'जिभाऊ, तुमना मनमा जीव देवाना इचार येस का?' सराव होता, तरी त्या गृहस्थांना उत्तर द्यायला वेळ लागला. नंतर म्हणाले, असं कोणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलता येत नाही.

तुम्हाला हे वाक्य गावातल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या तोंडून पाच-सात वेळा वदवून घ्यायचं आहे, ज्याच्या त्याच्या बोलीत. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती सगळ्यांना असते. यावर पुष्कळ अभ्यास झालेत, तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात आहे त्याचा भार थोडा हलका होतो. 'वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?' असं मात्र विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'नाही' हेच येणार.

'हो' आलं तर? उपदेश नाही, शपथा नाहीत, 'कोणाला सांगणार नाही' हे वचनही नाही. 'हे मी एकटा सांभाळू शकत नाही, आपण अजून एकाला सांगू, कोणाला सांगायचं ते तू ठरव' असं म्हणायचं. कसं करायचं ते ठरवलंय का, जवळ काही आणून ठेवलंय का, हेही विचारायचं. ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, जवळची धोक्याची वस्तू दुसऱ्या घरी हलवायची, तिथेच बसून १४४१६ लावायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. नुसता पत्ता देऊन भागत नाही, सोबत जायचं.

आणि विष घेतलेलंच असेल तर? हे प्रत्येक प्रशिक्षणात वेगळं शिकवा, कारण गावोगाव मीठ-पाणी, साबणाचं पाणी पाजून उलटी काढायची सवय आहे. ते करू नका. उलटी श्वासनलिकेत गेली तर माणूस त्यानेच जातो. कुशीवर झोपवा, कपड्यांवर औषध सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, पण स्वतःच्या हाताला लागू देऊ नका. डबा किंवा बाटली लेबलसह बरोबर घ्या, १०८ बोलवा, उशीर होणार असेल तर तुमच्या यादीतली गाडी काढा. 'आत्ता तर ठीक दिसतोय' म्हणून घरी ठेवू नका, काही औषधांचा परिणाम उशिरा दिसतो. खासगी दवाखानासुद्धा अशा वेळी प्राथमिक उपचार नाकारू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगितलंय.

पोलीस केसच्या धाकाने लोक दवाखान्यात खोटं सांगतात, 'चुकून पोटात गेलं' म्हणतात, आणि उपचार चुकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरायचं, आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम आलेलंच नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवलाय. दवाखाना नोंद करतो, पोलीस जबाब घ्यायला येतात, एवढं होतं. ते झालं म्हणजे केस झाली असं नाही.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि कोणत्याही बॅनरवर न येणारं काम. जो वाचून घरी आला त्याच्याकडे जाणं. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ लोकांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्याशिवाय तासभराचं समजावणं, आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन. एवढंच. दीड वर्षाने पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले होते, दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. त्या नऊ भेटी होत्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्याला आणि चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्याला. हे वेळापत्रक जसंच्या तसं आशाताईच्या वहीत लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे नऊ चौकटी. भेटीत करायचं फार नसतं. चहा घ्यायचा, झोप कशी, जेवण कसं, गोळ्या चालू आहेत का, पुन्हा विचार येतात का, पुढची तारीख कधी. गावात होतं याच्या उलट. पहिला आठवडाभर घरात बसायला जागा नसते, आणि मग वर्षभर कोणी त्या माणसाच्या नजरेला नजर देत नाही.

फवारणीच्या औषधांचं लोक मला नेहमी विचारतात. ती ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटाव्यात का? थोडं सविस्तर सांगते, कारण यात पैसे वाया जातात. माणूस टोकाला पोचतो ती वेळ बऱ्याचदा फार थोडी असते, कधी काही मिनिटांची. त्या वेळेत औषध हाताशी नसलं तर पुष्कळ जीव वाचतात, हे पक्कं. श्रीलंकेने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास घसरलं. पण त्याच श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिलं, तर २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षात काहीच फरक दिसला नाही. कारण उघड आहे, किल्ली त्याच घरात, त्याच माणसाच्या कडदोऱ्याला. तामिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने गावाची सामायिक साठवण खोली करून पाहिली, प्रत्येकाला लॉकर आणि खोलीला राखणदार. प्रयोग दोनच गावांचा, पण निकाल आशादायक होता.

म्हणून पेट्यांवर मंडळाची वर्गणी घालू नका. त्याऐवजी कृषी केंद्रवाल्याला प्रशिक्षणात बसवा. लागेल तेवढंच विकायचं, उरलेलं परत ठेवून घ्यायचं. 'कोणत्या पिकाला? कोणती कीड?' हे प्रत्येकाला विचारायचं. उत्तर देता येत नसेल, माणूस घाईत किंवा प्यायलेला असेल, तर 'आत्ता माल नाही, बस, चहा सांगतो' म्हणायचं आणि यादीतला नंबर लावायचा. आणि एखाद्या घरात वाईट काळ चालू असेल तर शेजाऱ्याने तेवढ्यापुरतं औषध आपल्या मळ्यात नेऊन ठेवायचं. याला खर्च शून्य.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून शाळेचं थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा असं प्रशिक्षण सांगितलंय. केंद्रप्रमुखांपुढे अर्ज ठेवताना हे लिहा, दारं लवकर उघडतात. पोरांसमोर मात्र आत्महत्येवर भाषण नको. मदत कशी मागायची, मित्र असं काही बोलला तर कोणत्या मोठ्या माणसाला सांगायचं, एवढं पुरे. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम राहू द्या. दहावी-बारावीच्या निकालादिवशी नापास झालेल्या प्रत्येकाच्या घरी त्याच संध्याकाळी एक शिक्षक गेला पाहिजे.

ज्या तीन घरांत घडलं त्यांच्याबद्दल. दहावं-तेरावं उरकलं की माणसं यायची थांबतात, आणि मागे राहिलेल्यांचा धोका तेव्हाच वाढतो. शेतकरी असेल तर वर सरकारी मदतीसाठी पात्र-अपात्रचा फेरा. एक लाखाच्या मदतीसाठी बाईला कागद घेऊन तहसीलला खेटे घालावे लागतात, आणि अपात्र ठरलं तर गाव म्हणतं, 'मग कारण काहीतरी दुसरंच असेल.' तिच्याबरोबर तहसीलला जाणारं कोणी द्या. ते कोणत्याही समुपदेशनापेक्षा कमी नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचं वर्णन फिरणार नाही, हे ॲडमिनकडून आत्ताच कबूल करून घ्या. वर्तमानपत्रांसाठीही प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये हेच नियम घातलेत.

स्वयंसेवकांची महिन्यातून एक बैठक ठेवा, नाव न घेता अनुभव बोलायला. पहिल्याच बैठकीत सांगून टाका की सगळं नीट करूनही एखादा माणूस जाऊ शकतो आणि त्याचा दोष त्यांच्या माथी नाही. हे आधी सांगितलं नसेल तर पहिल्या घटनेनंतर निम्मे जण बंद पडतात.

खर्च म्हणाल तर चहा-नाश्ता, झेरॉक्स, वह्या. अर्ज जिल्हा शल्य चिकित्सक किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागप्रमुखांच्या नावे, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. अर्जात 'व्याख्यान हवे' असं लिहू नका, 'वीस जणांचं दोन सत्रांचं प्रशिक्षण आणि तीन महिन्यांनी उजळणी' असं लिहा, नाहीतर व्याख्यानच मिळेल. उजळणी सोडू नका, सहा महिन्यांत सगळं विसरलेलं असतं. विद्यापीठाच्या एनएसएसच्या आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य शिकणाऱ्या) मुलांना भेटींच्या वह्या सांभाळायला घेता येईल.

आणि १० सप्टेंबर? दिवस ठेवा, पण तोवर बाकीचं उभं झालेलं असू द्या, यंदा जमलं नाही तर पुढच्या वर्षी. पथनाट्य करायचं तर करा, फक्त रंगमंचावर कोणी विष घेताना किंवा फास लावताना दाखवायचं नाही, विचारणं आणि सोबत जाणं दाखवायचं. बॅनरवर पाहुण्यांचे फोटो नकोत. त्या वीस जणांची नावं, गल्ली आणि मोबाइल नंबर त्यांना विचारून लिहा, खाली १४४१६. भाषण एकच ठेवा आणि ते आशाताईंना करू द्या, अहिराणीत.